बॉनव्हिलचा स्पीड वीक प्रथमच पाहायला जायचे आहे : दिवस किती ठेवावेत, मुक्काम कोठे करावा?

वाटसरू_चिंचवड

नमस्कार मंडळी,

येत्या ऑगस्टमध्ये आम्ही उभयता मुलाकडे सॅक्रामेंटोला जाणार आहोत. चिंचवडच्या एका कारखान्यात पिस्टनच्या रिंगा तपासण्यात माझी बत्तीस वर्षे गेली. त्यामुळे युटा राज्यातील बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर भरणारा वेगवान गाड्यांचा मेळावा, म्हणजे स्पीड वीक, एकदा प्रत्यक्ष पाहावा, अशी इच्छा बऱ्याच वर्षांपासून मनात आहे. मुलाचे म्हणणे असे, की त्याच्या गावातून जाणारा ८० क्रमांकाचा आंतरराज्य महामार्ग धरला, की रस्ता न बदलता थेट मैदानाजवळच्या वेंडोव्हरला पोहोचता येते. अंतर साधारण साडेआठशे किलोमीटर आहे.

मी कागदावर असे मांडले आहे : शुक्रवारी पहाटे निघावे, शनिवारी दिवसभर शर्यती पाहाव्यात आणि रविवारी सकाळी परतीचा रस्ता धरावा. एवढ्या वेळात मुख्य गाड्या पाहून होतील का? बसायला जागा कशी मिळते? सौभाग्यवतींना यंत्रांची आवड नाही, तरी त्या सोबत येणार आहेत. त्यांना तेथे कंटाळा येईल का, हेही कोणी प्रामाणिकपणे सांगावे.

कार्ब्युरेटर

वाटसरू साहेब, मी फ्रीमाँटला राहतो आणि आजवर तीन वेळा जाऊन आलो आहे. पहिल्या खेपेस मीही आपल्यासारखाच एका दिवसाचा बेत केला होता आणि निम्मे काही न पाहता परतलो होतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सर्वांत आधी ‘शर्यत’ हा शब्द डोक्यातून काढावा लागतो. येथे दोन गाड्या एकमेकींशी स्पर्धा करत नाहीत. एका वेळी एका मार्गावर एकच वाहन सुटते आणि त्याची स्पर्धा घड्याळाशी असते. सर्वांत वेगवान गाड्यांसाठीचा लांब मार्ग मीठ चांगले असेल त्या वर्षी ५ मैलांचा आखतात, कमी वेगाच्या गाड्यांसाठी आखूड मार्ग वेगळा असतो. सुरुवातीचे अंतर वेग घेण्यासाठी आणि पुढच्या प्रत्येक मैलाचा सरासरी वेग मोजण्यासाठी, अशी रचना असते. ताशी ३०० मैलांनी, म्हणजे सुमारे ४८० किलोमीटरने, जाणारी गाडी एक मैल बारा सेकंदांत कापते. आपण सुरक्षिततेसाठी मार्गापासून बरेच दूर असतो, त्यामुळे प्रथम क्षितिजावर मिठाचा एक पांढरा फवारा दिसतो, मग त्याच्या पुढे सरकणारा ठिपका दिसतो आणि आवाज सावकाश मागून येतो. गाडी किलोमीटरभर दूर असेल, तर तिचा आवाज आपल्यापर्यंत येण्यास तीन सेकंद लागतात आणि तेवढ्यात ती आणखी चारशे मीटर पुढे गेलेली असते. पहिल्या तासात माझे डोळे आवाजाच्या दिशेने जात होते आणि तेथे काहीच नसायचे. दुर्बीण न्यावीच, पण आवाज विसरून फवारा शोधावा.

एक गाडी गेल्यावर दुसरी सुटेपर्यंत काही मिनिटे जातात. एखाद्या गाडीचे काही सांडले किंवा ती मार्गातच थांबली, तर अर्धा-पाऊण तासही जातो. हा वेळ पिटमध्ये, म्हणजे गाड्यांची तयारी व दुरुस्ती चालते त्या जागी, घालवावा, कारण खरे पाहण्यासारखे तेथेच आहे. इतर मोटारशर्यतींत प्रेक्षकाला जेथे फिरकू देत नाहीत, तेथे बॉनव्हिलमध्ये आपण खुशाल फिरू शकतो. बहुतेक चमू घरगुती असतात : बाप गाडी चालवतो, मुलगी पॅराशूट घडी करते, काका इंजिन उघडून बसलेले असतात. काही विचारले, तर हातातले काम न थांबवता उत्तर देतात. आपण पिस्टन रिंगांविषयी बोलू लागलात, तर ते आपल्याला संध्याकाळपर्यंत सोडणार नाहीत.

आता दिवसांविषयी. स्पीड वीक सामान्यतः शनिवारी सुरू होऊन पुढच्या शुक्रवारी संपतो. एखाद्या गाडीने आपल्या गटातील विक्रमापेक्षा जास्त वेग नोंदवला, म्हणजे विक्रम झाला असे होत नाही. त्या गाडीला ‘इम्पाउंड’ नावाच्या राखीव आवारात नेतात, तेथे दुरुस्तीसाठी ठरावीक तास मिळतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला पुन्हा धावावे लागते. दोन्ही धावांची सरासरी जुन्या आकड्याच्या वर गेली, तरच विक्रम पुस्तकात चढतो. म्हणून रविवारी सकाळी निघण्याचा आपला बेत मला पटत नाही. शनिवारी ज्यांनी मजल मारली, त्यांचा निकाल नेमका रविवारी सकाळीच लागतो आणि आपण त्या वेळी महामार्गावर असाल. निदान दोन सकाळी मैदानावर घालवा.

मुक्काम वेस्ट वेंडोव्हरला करावा. ते गाव नेवाडाच्या हद्दीत असून तेथे कॅसिनोंची मोठी हॉटेले आहेत. त्या आठवड्यात खोल्या लवकर भरतात आणि भावही चढतात. मिठावर रात्री मुक्काम करण्यास मनाई आहे.

ऊनपाऊस

कार्ब्युरेटर यांनी उत्साहाची बाजू लिहिली आहे, मी दुसरी बाजू लिहितो, कारण ती कोणी आधी सांगितली असती, तर माझे पैसे वाचले असते.

२०२२ साली आम्ही चौघे मित्र डॅलसहून सॉल्ट लेक सिटीला विमानाने गेलो आणि भाड्याच्या गाडीने वेंडोव्हर गाठले. शर्यती सुरू होण्याच्या तोंडावर पाऊस झाला आणि मैदानावर पाणी साठले. त्या वर्षीचा स्पीड वीक रद्द झाला. रस्ता संपतो तेथे आम्ही उभे होतो आणि समोर घोट्याएवढ्या पाण्यात आकाशाचे प्रतिबिंब पडलेले होते. छायाचित्रासाठी दृश्य सुंदर होते, हे मान्य करतो. हॉटेलने मात्र एक डॉलरही परत केला नाही, कारण आम्ही स्वस्त पडते म्हणून परतावा नसलेले आरक्षण केले होते.

हा अपवाद समजू नये. २०१४ आणि २०१५ अशी लागोपाठ दोन वर्षेही स्पीड वीक झाला नव्हता. त्याचे कारण समजून घेतले, तर बेत आखताना उपयोग होईल. हे मैदान म्हणजे हिमयुगातील बॉनव्हिल नावाच्या प्रचंड सरोवराचा आटलेला तळ आहे. हिवाळ्यात त्यावर उथळ पाणी पसरते, त्यात वरचे मीठ विरघळते, वारा ते पाणी इकडून तिकडे हलवतो आणि उन्हाळ्यात पाणी आटले, की जमीन पुन्हा सपाट व घट्ट होते. निसर्ग दरवर्षी नवा गिलावा करतो, असे म्हणता येईल. त्या गिलाव्यावर ऐन ऑगस्टमध्ये पाऊस पडला, तर तो वाळायला पुरेसे दिवस उरत नाहीत. त्यातच मिठाचा थर पूर्वीपेक्षा पातळ झाला आहे. महामार्गाच्या दक्षिणेला पोटॅश काढण्याचा उद्योग कित्येक दशके चालू आहे आणि त्यासाठी मैदानाखालचे खारे पाणी काढले गेले. १९९७ पासून पाच वर्षे खारे पाणी परत मैदानावर सोडण्याचा प्रयोगही झाला. दोष नेमका किती कोणाचा, यावर तेथे अजून वाद आहे आणि पिटमध्ये हा विषय काढलात, तर तासाभराची निश्चिंती होते.

म्हणून आरक्षण परतावा मिळणारेच करावे आणि निघण्याच्या आदल्या दिवशी आयोजकांच्या, म्हणजे सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशनच्या, संकेतस्थळावर मैदानाची स्थिती पाहिल्याशिवाय घराबाहेर पडू नये.

कार्ब्युरेटर

ऊनपाऊस यांच्याशी पूर्ण सहमत आहे. पावसाने केवळ प्रेक्षकच रडकुंडीला येतात असे नाही. मिकी थॉम्पसन यांनी १९६० साली येथे एका दिशेने ताशी ४०६ मैलांचा वेग गाठला, पण परतीच्या धावेत गाडी बिघडल्याने तो विक्रम ठरला नाही. त्यांनी १९६८ साली ‘चॅलेंजर २’ ही नवी गाडी आणली, तर पावसाने मैदानच बुडवले. ती गाडी पुढे पडून राहिली. अखेर त्यांचे चिरंजीव डॅनी थॉम्पसन यांनी तीच गाडी दुरुस्त करून २०१८ च्या स्पीड वीकमध्ये दोन दिवसांच्या दोन धावांत ताशी ४४८.७५७ मैल ही सरासरी नोंदवली. मधे पन्नास वर्षे गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळचे महत्त्व मी का सांगत होतो, ते यावरून लक्षात येईल.

गॅरेजवाला_कोल्हापूर

आमच्याकडून प्रत्यक्ष जाणे होईल असे वाटत नाही, पण धागा वाचून राहवले नाही म्हणून दोन शंका विचारतो. एक, इतक्या ताकदीच्या गाडीला सुरुवातीला मागून दुसरी गाडी ढकलते, असे चित्रफितींत दिसते, ते कशासाठी? दोन, मिठावर टायर घसरत नाही का?

कार्ब्युरेटर

गॅरेजवाले, आपण नेमक्या मुद्द्यावर बोट ठेवलेत. या गाड्यांचे गिअर अतिशय वरच्या वेगासाठी बसवलेले असतात. पहिल्या गिअरमध्येसुद्धा गाडी ताशी पन्नास-साठ मैलांखाली नीट ओढत नाही आणि थांबलेल्या स्थितीतून उचलायची म्हटली, तर क्लच जळून जाईल. म्हणून मागून एक ट्रक ढकलत नेतो, वेग आला की बाजूला होतो आणि मग गाडी आपल्या दमावर सुटते. हा क्षण पाहण्यासाठी दिवसातून एकदा तरी सुरुवातीच्या रेषेजवळ प्रेक्षकांना जेथवर जाऊ देतात, तेथे उभे राहावे. ट्रक मागे राहतो, इंजिनाचा सूर बदलतो आणि तो बदल पायाखालच्या मिठातूनही जाणवतो.

टायर घसरतो, आणि भरपूर घसरतो. डांबराच्या तुलनेत मिठाची पकड फारच कमी आहे. त्यामुळे इतर शर्यतींत गाडी हलकी करण्यासाठी जिवाचा आटापिटा करतात, तर येथे उलट शिसे भरून तिचे वजन वाढवतात. शिवाय मैदान समुद्रसपाटीपासून सुमारे ४,२०० फुटांवर आहे, दुपारच्या उन्हात हवा आणखी विरळ होते आणि इंजिनाचा दम कमी पडतो. म्हणूनच चांगल्या धावा बहुधा सकाळच्या गारव्यात होतात. थांबण्यासाठी पॅराशूट लागते. १९६४ साली क्रेग ब्रीडलव्ह यांची जेट गाडी ताशी ५०० मैलांवरचा विक्रम करून पुढे गेली, पण पॅराशूट तुटल्याने थांबेना, आणि शेवटी खाऱ्या पाण्याच्या डबक्यात जाऊन पडली. ते पोहून बाहेर आले.

मीठभाकर

वाटसरूकाका, काकूंच्या प्रश्नाचे उत्तर मी देते, कारण मीही नवऱ्याच्या आग्रहाखातरच गेले होते.

पहिले दोन तास मला कंटाळा आला, हे खोटे कशाला सांगू? मग पिटमध्ये एका चमूजवळ सावली होती, म्हणून मी तेथे टेकले. त्यांची गाडी ‘लेकस्टर’ या प्रकारातली होती. दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानांच्या पोटाखाली इंधनाची जी जादा टाकी लावत असत, तिच्यातच इंजिन आणि चालक बसवून युद्धानंतरच्या पोरांनी या गाड्या केल्या, आणि आजही त्या घाटाच्या गाड्या धावतात. सत्तरीच्या एक आजी खुर्चीत बसून सुईसारख्या बारीक अवजाराने टायरच्या खाचेतले मिठाचे खडे एकेक करून काढत होत्या, आणि काढलेले खडे एका जुन्या कॉफीच्या डब्यात टाकत होत्या. खडा राहिला तर चाकाचा तोल जातो, असे त्यांनी मला सांगितले आणि दुसरे अवजार माझ्या हातात दिले. पुढचा पाऊण तास आम्ही दोघी निवडण-टिपण करत बसलो. त्यांचा नातू दुपारी धावून आला, तेव्हा वेगाचा आकडा छापलेली चिठ्ठी त्याने आधी आजींना आणून दाखवली. विक्रम झाला नव्हता, पण स्वतःच्या मागच्या वर्षीच्या वेगापेक्षा तीन मैल जास्त होते. तेवढ्यावर त्यांच्याकडे संध्याकाळी कलिंगड कापले गेले आणि एक फोड मलाही मिळाली.

आता सोय-गैरसोय. ऊन वरून लागते तसेच खालूनही लागते, कारण मीठ आरशासारखे परावर्तन करते. टोपी घातली म्हणून मी निर्धास्त होते आणि रात्री पाहिले, तर हनुवटीच्या खालची बाजू, नाकपुड्यांची कड आणि कानांची मागची पाळी भाजून निघाली होती. सनस्क्रीन या जागी आठवणीने लावावे. अर्धी चड्डी किंवा घोळदार झगा असेल, तर पायही खालून भाजतात. सुती पूर्ण कपडे आणि गडद चष्मा हवा. बूट जुने न्यावेत, ते पांढरे होऊन परततात.

सावली तेथे नसते. एकही झाड नाही. स्वतःचा उघडमीट तंबू नेणार असाल, तर साध्या खुंट्या मिठात शिरत नाहीत. जाड लोखंडी खिळे आणि हातोडा न्यावा, कारण दुपारी वारा सुटतो आणि सैल छत उडून दुसऱ्याच्या गाडीवर जाऊ शकते. खुर्च्या आपल्याच न्याव्यात, बाके वगैरे प्रकार नाही. पाणी माणशी निदान चार-पाच लिटर ठेवावे. खाण्याचे मोजके ठेले असतात, पण आम्ही दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि काकडी नेली होती आणि तेच सुखाचे ठरले. घाम इतक्या वेगाने सुकतो, की तो आल्याचे कळतच नाही, म्हणून तहान लागण्याची वाट पाहू नये. फिरती स्वच्छतागृहे असतात. सकाळी लवकर जाऊन घ्यावे, एवढेच लिहिते.

वाटसरू_चिंचवड

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. मीठभाकर ताईंचा प्रतिसाद मी घरात मोठ्याने वाचून दाखवला. खडे काढण्याचे काम मिळणार असेल, तर येते, असे उत्तर मिळाले आहे.

आणखी दोन प्रश्न राहिले. मैदानावर आपली गाडी नेता येते का? आणि जमिनीवरील वेगाचा आजचा जागतिक विक्रम ब्लॅक रॉक वाळवंटातला आहे, असे वाचले. तो भाग आमच्या वाटेवर रेनोच्या उत्तरेस येतो, तर तेथेच जाणे जास्त योग्य ठरेल का?

ऊनपाऊस

ब्लॅक रॉकविषयी आपण वाचले ते खरे आहे. १९८३ साली रिचर्ड नोबल यांनी तेथे ताशी ६३३.४६८ मैलांचा विक्रम केला आणि १५ ऑक्टोबर १९९७ रोजी अँडी ग्रीन यांनी ताशी ७६३.०३५ मैल वेगाने जमिनीवर ध्वनीचा वेग ओलांडला. तो विक्रम अजून मोडलेला नाही. पण त्या एकेका गाडीच्या मोहिमा होत्या. तेथे स्पीड वीकसारखा वार्षिक मेळावा नाही, आणि ऑगस्टअखेरीस तेथे जी हजारोंची गर्दी जमते, ती बर्निंग मॅन या वेगळ्याच सोहळ्याची असते. आपण गेलात, तर भेगाळलेली चिकणमाती पाहून परत याल.

अ‍ॅडलेडकर

थोडी भर घालतो. ज्यांची मुले ऑस्ट्रेलियात आहेत, त्यांच्यासाठी दक्षिण ऑस्ट्रेलियातील लेक गेर्डनर हा पर्याय आहे. तेथील स्पीड वीक बहुधा मार्चमध्ये असतो. तेथे कॅसिनो नाही, हॉटेल नाही, शेवटचा रस्ता कच्चा आहे आणि रात्री तंबूतच झोपावे लागते. गुडघ्यांची तक्रार असणाऱ्यांनी बॉनव्हिलच निवडावे. तिकडे निदान संध्याकाळी अंघोळ मिळते.

कार्ब्युरेटर

गाडीबद्दल लिहितो. महामार्गाच्या ४ क्रमांकाच्या फाट्याने उतरून उत्तरेकडे वळल्यावर काही मैलांचा डांबरी रस्ता आहे. तो जेथे संपतो, तेथे थेट मीठ सुरू होते. तिकीट प्रवेशाशी काढता येते, रोख रक्कम जवळ असू द्यावी. पुढे शंकूंनी आखलेल्या वाटेनेच हळू गाडी न्यावी. मैदान मोकळे दिसते म्हणून कडेला वळवण्याचा मोह होतो, पण कडेचे मीठ पापुद्र्यासारखे असते आणि खाली चिखल असतो. १८४६ साली कॅलिफोर्नियाला निघालेल्या डॉनर तांड्याच्या बैलगाड्या याच वाळवंटात रुतल्या होत्या आणि आजही दर मोसमात कोणाची तरी गाडी रुततेच. महामार्गालगत १० व्या मैलावर विश्रांतीस्थळ आहे. तेथे पर्यटक मिठावर फिरून पाय धुतात, त्यालाच शर्यतीची जागा समजून थांबू नये.

भाड्याची गाडी असेल, तर करारात कच्च्या भूभागाविषयी काय लिहिले आहे, ते आधी वाचावे. स्वतःची असेल, तर चाकांच्या आतल्या कमानींत मिठाचा लगदा बसून दगडासारखा वाळतो, तो त्याच संध्याकाळी वेंडोव्हरमध्ये खालून पाणी मारून काढावा. गाडीतला रेडिओ मात्र मैदानावर चालू ठेवा. निवेदक प्रत्येक गाडीचा गट, चालक आणि मैलागणिक वेग सांगत असतो, आणि त्याच्याशिवाय पांढरा फवारा कोणाचा होता, हे कळण्याचा मार्ग नाही.

वाटसरू_चिंचवड

सुधारित बेत असा ठरला आहे. शुक्रवारी पहाटे सॅक्रामेंटोहून निघून रात्री वेस्ट वेंडोव्हरला मुक्काम, शनिवारी दिवसभर पिट, रविवारी पहाटे विक्रमाच्या धावा. सोमवार पावसासाठी किंवा थकव्यासाठी राखीव ठेवला आहे. तो मोकळा मिळाला, तर शेजारच्या, युटाच्या हद्दीतील वेंडोव्हरचा दुसऱ्या महायुद्धकालीन विमानतळ पाहू. हिरोशिमावर बॉम्ब टाकणाऱ्या विमानाच्या दलाचा सराव तेथे झाला होता, असे मुलाने सांगितले. आरक्षण परतावा मिळणारेच केले आहे. लोखंडी खिळे मुलगा तिकडेच घेणार आहे, हातोडा त्याच्याकडे आहे.

मीठभाकर

काका, एक राहिले. वेस्ट वेंडोव्हर नेवाडात असले, तरी तेथील घड्याळे युटाच्या वेळेनुसार, म्हणजे सॅक्रामेंटोच्या एक तास पुढे चालतात. रविवारी पहाटेचा गजर लावताना हे लक्षात असू द्या. आमच्या यजमानांनी मनगटावरच्या घड्याळावर विश्वास ठेवला आणि आम्ही पोहोचलो, तेव्हा पहिल्या सहा गाड्या धावून गेल्या होत्या.